टीम ‘हो’ म्हणते आणि काम अडतं

*ताई, मी नुकताच टीम लीड झालो. माझ्यासकट आठ जण पुण्यात, क्लायंट अमेरिकेत. रोजच्या स्टँडअपला (कामाचा आढावा घेणाऱ्या छोट्या मीटिंगला) सगळे ‘चालू आहे, होईल’ म्हणतात. रिलीज तोंडावर आल्यावर कळलं, पेमेंटचं काम आठवडाभर अडकून पडलंय. ते करणाऱ्या पोराला मी सगळ्यांसमोर झापलं. आता तो ‘हो सर’पलीकडे बोलत नाही. रात्री बसून त्याचा कोड मीच दुरुस्त करतो. मॅनेजर आणखी दोन माणसं देतो म्हणतात. घेऊ का?*
*— थकलेला लीड, हिंजवडी*

माणसांचं आधी सांगते, मॅनेजर वाट बघत असतील. आत्ता घेऊ नका. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, हे आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. आठ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या २८ होतात, दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवणार कोण? तुम्हीच, तेही रात्री.

आता तो पोरगा. आठवडाभर तो गप्प का बसला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विचारलंत का? ‘अजून झालं नाही?’ हे एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी ‘होईल’ म्हणून वेळ मारून नेतो. आणि तुम्ही झापलंत एकाला, पण ऐकलं बाकीच्या सहा जणांनीही. अडलं तर लीडला कळू द्यायचं नाही, एवढं त्यांना पक्कं समजलं असणार.

झापलंत सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर. ‘त्या दिवशी मी आवाज चढवला, माझं चुकलं.’ बास. पुढे ‘पण तूही…’ जोडलंत तर मागितली नाहीत तरी चालेल. मग त्याला एकट्याला चहाला घेऊन जा, लॅपटॉप ऑफिसातच ठेवून. ‘कधी होईल?’ नको, ‘कुठे अडलं होतं, कोणाकडून काय हवं होतं?’ विचारा. पुष्कळदा कारण अगदी किरकोळ निघतं: पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) टेस्ट अकाउंटचा अ‍ॅक्सेस नव्हता, आणि क्लायंटला मेल कोणी करायची हेच ठरलेलं नव्हतं.

आता स्टँडअप. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे त्यातले तीन प्रश्न स्क्रम गाइडने (स्क्रम या कार्यपद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेने) २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले. आपल्याकडे मात्र अजून हजेरी सुरूच आहे. त्याऐवजी प्रत्येक कामाचं कार्ड लावलेला बोर्ड उघडा, संपत आलेल्या कामांपासून सुरुवात करा आणि जे कार्ड दोन-तीन दिवस हललेलं नाही तिथे थांबा. म्हणजे चर्चा कामाची होते, माणसाची नाही. पंधरा मिनिटांत उठा.

रात्रीची दुरुस्ती आजपासून बंद. सकाळी आपलाच कोड बदललेला पाहून कोणाला हुरूप येईल? जे खटकतं ते कोड तपासताना रिव्ह्यूत लिहा, पण नीट लिहा. ‘हे असं का केलंय?’ ही कमेंट झाडाझडतीसारखी वाटते. ‘युजरने बटण दोनदा दाबलं तर पैसे दोनदा कापले जातील का?’ याला उत्तर देता येतं. व्हेरिएबलच्या नावासारखी आवडीनिवडीची गोष्ट असेल तर पुढे ‘ऐच्छिक’ लिहा आणि तशीच मर्ज होऊ द्या, म्हणजे मुख्य कोडात जाऊ द्या.

मॅनेजरकडे माणसांऐवजी पुढची तारीख मागा, किंवा एखादं फीचर पुढच्या रिलीजला ढकलू द्या म्हणा. ते मान्य झालं की क्लायंटला संध्याकाळच्या कॉलवरच कळवा. उशीर का झाला हे ते विचारतीलच. तेव्हा त्या पोराचं नाव घेऊ नका, विशेषतः तो कॉलवर असताना.

— ताई