‘चर्चच्या मुलांबरोबर गेली आणि बदलूनच आली’

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका आईचा फोन आला. मध्य न्यू जर्सीत राहणारं मराठी कुटुंब, एकुलती एक लेक सोळा वर्षांची. तिची जिवलग मैत्रीण मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चच्या युवा गटात आहे. तो गट दर उन्हाळ्यात आठवडाभर डोंगराळ भागात जाऊन गरिबांची पडकी घरं दुरुस्त करतो. या वर्षी लेक हट्टाने त्यांच्याबरोबर वेस्ट व्हर्जिनियाला गेली. परत आली तेव्हापासून गप्प आहे. जेवायला खाली येत नाही, एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा क्लास बुडवते, काही विचारलं की ‘तुम्हाला नाही कळणार’ एवढंच म्हणते. आणि बॅग आवरताना आतल्या कप्प्यात एक लाकडी क्रूस सापडला.

“ताई, बाकी राहू दे,” आई म्हणाली. “एकच सांगा, ही धर्म बदलणार का?”

अमेरिकेतल्या मराठी आईबापांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून बरेचदा ऐकते. कधी तो मोठ्याने विचारला जातो, कधी भलत्याच तक्रारीच्या आडून येतो. म्हणून या कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकिगत लिहिते आहे.

त्या आईची भीती खुळी आहे असं मला वाटत नाही. तिची आजी नगरची. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका रात्रीत कसा उसवला, हे तिने आजीच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पण मधल्या ताटातुटीच्या वर्षांची कथाच आजीने जास्त सांगितली असणार. आपल्याकडे धर्म बदलला म्हणजे माणूस पंगतीतून उठला, अशी ती धास्ती आहे. मी आईला इतकंच म्हटलं की टिळक तेव्हा प्रौढ होते, कवी होते, बरीच वर्षं धर्माचा शोध घेत होते. आठवडाभर हातोडा मारून कोणी टिळक होत नाही. लेक गप्प का आहे, ते आधी बघू.

या कामाची थोडी माहिती द्यायला हवी, कारण अशा कामाला इथे ‘मिशन ट्रिप’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘मिशन’ म्हटलं की धर्मप्रचारच डोळ्यांपुढे येतो. अ‍ॅपलाचियन डोंगररांगांत कोळशाच्या खाणींवर गावंच्या गावं उभी राहिली आणि खाणी यंत्रांच्या हाती गेल्या, बंद पडल्या तशी ती ओसही पडली. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल काउंटी आहे. तिथे १९५० मध्ये जवळजवळ एक लाख वस्ती होती. २०२० च्या जनगणनेत ती एकोणीस हजारांच्या आसपास भरली. मागे राहिले ते बहुतेक म्हातारे, आजारी, आणि त्यांची गळकी घरं. १९६९ मध्ये ग्लेन एव्हान्स या मेथडिस्ट पाद्र्यांनी केंटकीत शाळकरी मुलांना घेऊन घरदुरुस्ती सुरू केली. त्यातून अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट उभा राहिला. घर ऊबदार करायचं, सुरक्षित करायचं, कोरडं करायचं, हे त्यांचं ब्रीद. आपल्या लेकीचा गट दुसऱ्या संस्थेबरोबर गेला होता, पण पद्धत तीच: शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचं, पाच-सहा मुलं आणि दोन मोठी माणसं मिळून एक घर घ्यायचं, सकाळी कामावर, संध्याकाळी गाणी आणि प्रार्थना.

लेक एकटी भेटायला आली तेव्हा पहिली वीस मिनिटं ती हाताच्या तळव्यावरची सुकलेली फोडं सोलत बसली होती. मी धर्माचं काही विचारलं नाही. “तुझ्याकडे काम कोणतं होतं?” एवढंच विचारलं.

“रॅम्प,” ती म्हणाली, आणि मग थांबेचना.

डोंगरउतारावर एक जुना ट्रेलर, म्हणजे चाकांवर आणून कायमचं टेकवलेलं घर. त्यात एक म्हातारं जोडपं. आजोबा खाणीत होते. कोळशाची धूळ छातीत बसून होणारा ‘ब्लॅक लंग’ झालेला, नाकाला ऑक्सिजनची नळी, व्हीलचेअर. पडवीला चार पायऱ्या. त्या चार पायऱ्यांपायी माणूस घरात कोंडलेला. डॉक्टरकडे न्यायचं तरी शेजारचे दोघं उचलून खाली आणायचे. लेकीने मला हिशेब समजावून दिला: व्हीलचेअरच्या रॅम्पला एक इंच उंचीमागे एक फूट लांबी लागते. पडवी जमिनीपासून अठ्ठावीस इंच. म्हणजे रॅम्प अठ्ठावीस फूट. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता, की या मुलीला मी पाच मिनिटांपूर्वी पाहिलं होतं का, असं वाटावं.

सोमवारी खड्डे घ्यायला घेतले तर खाली नुसता दगड. पहारीने एकेक खड्डा खणायला निम्मा दिवस. बुधवारी दिवसभर पाऊस. शुक्रवारी दुपारी निघायची वेळ झाली तेव्हा वीस फूट झाला होता. खालचे आठ फूट राहिले.

“आजोबा खुर्चीतून पडवीबाहेर आले,” ती म्हणाली. “सावकाश उतरत टोकापर्यंत आले. पुढे काहीच नव्हतं. म्हणाले, इथून डोंगर चांगला दिसतो. मग ते आत गेले, आणि कोणी पडू नये म्हणून टोकाला आडवी फळी ठोकायची होती. ती मी ठोकली.”

त्यानंतर ती बराच वेळ रडली.

दहा तास व्हॅनमध्ये बसून घरी आली त्या संध्याकाळी बाबांनी कौतुकाने पाठ थोपटली आणि म्हणाले, “वा! कॉलेजच्या अर्जात निबंधाला मस्त विषय मिळाला.” बाबांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण लेकीच्या डोळ्यांपुढे ती आडवी फळी होती. त्या क्षणी तिने ठरवलं की या घरात यातलं काहीही बोलायचं नाही.

अशा कामावरून परतलेली मुलं पुष्कळदा कोमेजतात. आठवडाभर वीस जणांत झोपायचं, फोन जवळजवळ नाही, संध्याकाळी अंग दुखतंय पण कोणीतरी तुमच्यासाठी थांबलंय. आणि एकदम आपली खोली, एसी, क्लासचं वेळापत्रक. त्यात काम अर्धं राहिलं असेल तर आपण त्या माणसांना सोडून आलो, असा सल राहतो. आईवडिलांना दिसतं फक्त मूल तुटल्याचं, आणि मग त्याचं कारण क्रुसात शोधलं जातं.

मी लेकीला विचारलं, “पुढच्या आठवड्यात दुसरा गट तिथे जाणार होता ना? रॅम्प पुरा झाला का?” तिला माहीत नव्हतं. विचारायची भीती वाटत होती. नाही झाला असं उत्तर आलं तर? आम्ही दोघींनी मिळून तिथल्या मुख्य ताईंना संदेश लिहिला. उत्तर तीन दिवसांनी आलं, सोबत फोटो. रॅम्प जमिनीला टेकलेला, आणि खाली गवतात आजोबांची खुर्ची. तिने तो फोटो मला दाखवला आणि पहिल्यांदा म्हणाली, “हा आईला दाखवू का?”

आईबरोबरची बैठक मात्र सोपी गेली नाही. क्रुसाचा उलगडा झाला: शेवटच्या रात्री सगळ्यांना एकेक दिला होता. “घालायचा म्हणून नाही घेतला,” लेक म्हणाली, “पण फेकून कसा देऊ?” आईला हायसं वाटलं आणि तिने लगेच पुढचं विचारलं, “मग प्रार्थनेला तू काय करायचीस?”

लेक खरं बोलली. “बसायचे. मला आवडायचं. दिवसभराचं काम झाल्यावर सगळे गप्प बसतात, ते मला आवडलं. मी ख्रिश्चन झाले नाही, आई. पण पुढे कधी काय वाटेल ते आज कसं सांगू?”

आईचे डोळे भरून आले. मी समजूत घालायला गेले नाही. लेक धर्म बदलणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. कुठलाही समुपदेशक देऊ शकणार नाही, आणि कोणी दिली तर विश्वास ठेवू नका. मी आईला एवढंच दाखवलं की तिच्या मुलीने आत्ता तिच्यापाशी अवघड गोष्ट खरीखरी सांगितली होती. या वयात ‘छे, तसं काही नाही’ म्हणून वेळ मारून नेणं किती सोपं असतं! सांगायची ही वाट उघडी राहिली, तर पुढे जे होईल ते निदान तुमच्यासमोर होईल. त्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या घरी असं शांत बसायला जागाच नाहीये का?” हा प्रश्न तिने स्वतःला विचारला होता. आम्ही पुढे दोन बैठका त्यावर बोललो. तो भाग त्यांच्या घरचा आहे, तो इथे नको.

ज्यांची मुलं अजून गेलेली नाहीत, जायचं म्हणताहेत, त्यांना थोडं सांगते. चर्चच्या गटप्रमुखांना आधी भेटा, आणि संकोच न करता विचारा. संध्याकाळच्या प्रार्थनेत बसणं सक्तीचं आहे का? दुसऱ्या धर्माचं मूल बाजूला बसलं तर चालेल का? आमच्या परवानगीशिवाय कोणताही धार्मिक विधी होणार नाही ना? चांगला गट या प्रश्नांनी दुखावत नाही; उलट त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असतात का, त्यांची पार्श्वभूमी तपासलेली आहे का, हेही विचारा. मेथडिस्ट चर्चची तर ‘सेफ सँक्च्युअरीज’ नावाची बालसुरक्षेची नियमावलीच आहे. विजेची करवत कोण चालवणार, शिडीवर कोण चढणार, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, हे तर विचाराच. दुखापत झाल्यावर आईबापांना हे सुचतं, तोवर उशीर झालेला असतो. आणि एखादा गट टाळाटाळ करू लागला, मुलाला ‘घरी सांगू नकोस’ म्हणू लागला, तर सरळ नाही म्हणा. तिथे भिडेला जागा नाही. मूल परत आल्यावर पहिल्या दिवशी धर्माबद्दलही विचारू नका आणि कॉलेजबद्दलही. काय बांधलंस ते विचारा, आणि कुठवर झालं ते.

बाबा तिसऱ्या बैठकीला आले. तोवर ते घरी सगळं ऐकून घेत होते, बोलत नव्हते. ‘अर्जाचा निबंध’ हे आपले शब्द मुलीला लागले होते, हे कळल्यापासून जास्तच मुके झाले होते. त्या दिवशी त्यांनी लेकीला विचारलं, “तुला असंच काम करायचं होतं तर गावी का नाही केलंस? आपण दर दोन वर्षांनी जातो.”

“गावी मला सगळे खुर्ची देतात, बाबा,” ती म्हणाली. “हातात काही देतच नाहीत. बस गं, दमशील, म्हणतात. तिथे त्यांनी मला पहार दिली.”

बाबा राजापूरकडचे. कोकणातलं कौलारू घर, मे महिन्यातली शाकारणी. पावसाआधी अख्खं छप्पर उतरवायचं, माकडांनी फोडलेली कौलं बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा सगळं रचायचं. आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या. सगळी वाडी हजर. हे त्यांनी त्या खोलीत सांगायला सुरुवात केली तेव्हा आई चकित होऊन बघत होती, लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिनेही ऐकलेलं नव्हतं. आठ वर्षांचे असताना ते रांगेत मधे उभे असायचे. खालून आलेलं कौल घ्यायचं, वरच्याच्या हातात द्यायचं. पडलं तर आजोबा ओरडायचे नाहीत, फक्त खाली बघायचे. पहिला पाऊस आला की सगळे ओटीवर बसून वर बघत राहायचे, कुठे ठिपकतंय का.

“एक ठिपका पडला तरी आजोबा म्हणायचे, हे कौल कोणाच्या हातातून गेलं रे?” हे सांगताना बाबांचा आवाज कापरा झाला.

लेकीने माझ्या टेबलावरचा कागद ओढला. त्यावर त्रिकोण काढला. “उतार किती होता?”

“मोजला नाही कधी.”

“मोजल्याशिवाय कसं बांधलं?”

सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे गावी संध्याकाळचे साडेसात. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. त्यांनी तिथूनच थोरल्या भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे रातकिडे ऐकू येत होते, पाऊस लागलेला असावा.

“दादा, आपल्या घराच्या छपराला उतार किती रे?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग काका म्हणाले, “अर्ध्याला पत्रे घातले की आता. अर्धीच कौलं राहिलीत. का रे? येतोयस काय कौलं चाळायला?”

लेक फोनजवळ वाकली. “काका, कधी असतं ते? तारीख सांगा.”