प्रश्नोत्तरे : नाटोची पूर्व सीमा आणि तोफखान्याचे नूतनीकरण

पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देशांच्या तोफखरेदीविषयी वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत एकच गैरसमज निरनिराळ्या रूपांत दिसतो : तोफांची संख्या वाढली, म्हणजे तोफखाना आधुनिक झाला. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘१५५ मिमी, ५२ कॅलिबर’ म्हणजे नेमके काय?

उत्तर : नळीचा आतला व्यास १५५ मिलिमीटर आणि तिची लांबी त्या व्यासाच्या ५२ पट, म्हणजे सुमारे ८ मीटर.

प्रश्न : जर्मनी शेजारी असताना पोलंडने दक्षिण कोरियाच्या तोफा का घेतल्या? व्यवहारात काहीतरी काळेबेरे असल्याचे ऐकले.

उत्तर : ऐकीव गोष्टींवर मत देणे मला मान्य नाही, आणि येथे त्याची गरजही नाही, कारण खरे कारण उघड आहे : वेळ. २०२२ मध्ये पोलंडने आपल्याच देशात बनवलेल्या १८ क्राब तोफा युक्रेनला दिल्या आणि स्वतःची फळी विरळ करून घेतली. शीतयुद्धानंतर पश्चिम युरोपातील तोफांचे उत्पादन इतके आक्रसले होते, की नव्या मागणीला वर्षानुवर्षे ताटकळावे लागले असते. याउलट सेऊल हे राजधानीचे शहरच उत्तर कोरियाच्या तोफांच्या टप्प्यात असल्यामुळे दक्षिण कोरियाने आपले कारखाने कधी थंड पडू दिले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये २१२ के-९ तोफांचा करार झाला आणि डिसेंबरमध्ये पहिल्या २४ तोफा पोलंडच्या ग्दिनिया बंदरात उतरल्या. शिवाय क्राबचा सांगाडा के-९चाच असल्याने देखभाल करणाऱ्यांना ती तोफ परकी नव्हती.

प्रश्न : मित्रदेशांच्या तोफा १५५ मिमीच्याच आहेत, तर एकाचा गोळा दुसऱ्याच्या तोफेत चालणारच ना?

उत्तर : नळीत बसेल. तो सुरक्षितपणे सुटेल का आणि हव्या त्या ठिकाणी पडेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि नूतनीकरणाची खरी कसोटी तिथेच लागते. नाटोतील प्रमुख देशांनी संयुक्त बॅलिस्टिक्स करारात ५२ कॅलिबरच्या नळीसाठी चार्ज (गोळ्याला नळीतून ढकलणारी दारू) बसण्याच्या पोकळीचे, म्हणजे चेंबरचे, आकारमान २३ लिटर ठरवले. परंतु करार कागदावर असतो, आणि तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानाच्या हातात सुमारे ४३ किलोचा एक विशिष्ट गोळा असतो. त्यावर वजनाचा फरक दाखवणारे चौकोन आणि लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचे क्रमांक, रंगवलेले असतात. ते वाचून, चार्जचे तापमान मोजून आणि नळी किती झिजली आहे हे लक्षात घेऊनच माऱ्याचे गणित दुरुस्त करावे लागते. त्या गोळ्याची, त्या फ्यूजची (गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेची) आणि त्या चार्जची आकडेवारी तोफेच्या संगणकात नसेल, तर अचूकतेचा भरवसा उरत नाही. युक्रेनला सीझर, पॅन्झरहाउबिट्झे २०००, एम-७७७, क्राब, आर्चर अशा अनेक जातींच्या तोफा मिळाल्या आणि प्रत्येकीबरोबर सुटे भाग, प्रशिक्षण व दारूगोळ्याचा स्वतंत्र संसार आला.

याहून मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे गोळ्यांचा साठा. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख गोळे देण्याचे ठरवले, आणि मुदत संपली तेव्हा सुमारे निम्मेच पोहोचले होते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मोठ्या प्रमाणावर टीएनटी, म्हणजे गोळ्यात भरायचे स्फोटक, बनवणारा कारखाना नाटोच्या युरोपीय भागात जवळजवळ एकच उरला होता, तो पोलंडमधील बिडगोश्च येथे. अमेरिकेने तर १९८०च्या दशकातच ते उत्पादन बंद केले होते. चार्जसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनते, आणि युरोप त्यांसाठी बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून राहिला. तोफांच्या करारांवर समारंभपूर्वक सह्या होत असताना या कच्च्या मालाकडे कोणी पाहिले नाही, आणि लढाई पेटल्यावर कारखाने वाढवणे हे वरातीमागून घोडे ठरले. जे देश आज तोफा निवडत आहेत, त्यांनी करारापूर्वी दारूगोळ्याच्या अभियंत्यांना आणि पुरवठा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याच मेजावर बसवावे.

प्रश्न : एका कंपनीच्या तोफेचा पल्ला ७० किलोमीटरहून अधिक आहे म्हणे. मग ४० किलोमीटरच्या तोफा का घ्यायच्या?

उत्तर : प्रदर्शनातल्या माहितीपत्रकावरून पल्ला ठरवू नये. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अल्कांटपान येथे ७६ किलोमीटरचा मारा झाला हे खरे, पण तो रॉकेटच्या साहाय्याने जाणाऱ्या खास गोळ्याने आणि वर सांगितलेल्या संयुक्त कराराबाहेरच्या, २५ लिटर चेंबरच्या तोफेतून झाला. आपल्या पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अटॅग्स या तोफेचे चेंबरही २५ लिटरचे आहे, त्यामुळे पल्ला वाढतो. पण नाटोतील एखाद्या देशाला ती घ्यायची असेल, तर त्याच्या साठ्यातील चार्जवर तिच्या चाचण्या नव्याने कराव्या लागतील. कोणत्या गोळ्याने, कोणत्या उंचीवर आणि किती विखुरणीसह, हे लेखी मागावे व तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : ड्रोन आल्यावर तोफा कालबाह्य झाल्या का?

उत्तर : नाही. एका जागी रेंगाळणारी तोफ मात्र आता टिकत नाही, म्हणून आर्चरसारख्या, चालक दलाला केबिनबाहेर न पडता मारा करून हलता येणाऱ्या तोफांना मागणी आहे. ड्रोन लक्ष्य शोधतो व मारा दुरुस्त करतो. सिग्नल जॅम झाला किंवा हवामान बिघडले, की भार पुन्हा तोफेवरच येतो.

प्रश्न : या बातम्यांवर संरक्षण कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

उत्तर : सेबीकडे नोंदणीकृत सल्लागाराला विचारावे.

प्रश्न : भोसरीत माझे मशिनिंगचे वर्कशॉप आहे. युरोपसाठी गोळ्यांची कवचे बनवून देण्याचे काम मिळवून देतो, असे सांगून एक मध्यस्थ आगाऊ रक्कम मागतो आहे.

उत्तर : रक्कम देऊ नये. गोळ्याचे कवच ही लष्करी वस्तू असून तिच्या उत्पादनाला परवाना लागतो. निर्यातीला संरक्षण उत्पादन विभागाची मंजुरी लागते व अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्रही मागितले जाते. यांपैकी काहीही मध्यस्थाच्या खिशात नसते. आधी निर्यात नियमांची माहिती असलेल्या वकिलाला भेटावे, आणि काम हवेच असेल तर देशातील परवानाधारक उत्पादकाचे उपपुरवठादार होता येईल का, याची त्यांच्या गुणवत्ता विभागाकडे थेट चौकशी करावी.