काळ्या मातीवरचा भराव: सेटलमेंट ५३ सेंमी की ८ सेंमी?

तुमचा प्रश्न असा: गंगाखेडकडे पुलाच्या जोडरस्त्याला ३ मीटर भराव, खाली ४ मीटर काळी, त्याखाली मुरूम. पावसाळ्यानंतर पाणी जमिनीलगत. सॉफ्टवेअर अर्धा मीटर सेटलमेंट (भरावाखाली जमीन बसणं) दाखवतंय, आणि सल्लागार व्हर्टिकल ड्रेन (मातीतलं पाणी लवकर काढणारे उभे निचरे) घाला म्हणताहेत.

ड्रेनचं टेंडर काढण्याआधी प्रीकन्सॉलिडेशन दाब (मातीनं आजवर सोसलेला सर्वात जास्त दाब) किती धरलाय ते बघा. बहुतेक गडबड तिथेच आहे.

हातानं करून बघू. भरावाचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन धरलं, तर दाब ३ × १९ = ५७ किलोपास्कल. थराच्या मध्यावर, २ मीटर खोलीला, बुडालेल्या मातीचं वजन ८ धरलं तर मूळ प्रभावी दाब (पाण्याचा दाब वगळून कणांवर येणारा) १६, भरावानंतर ७३. कॉम्प्रेशन इंडेक्स (दाब वाढला की माती किती दबते त्याचा आकडा) ०.४ आणि सुरुवातीचा व्हॉइड रेशो (पोकळी आणि घन कणांचं प्रमाण) १ असेल, तर ४ × ०.४ ÷ २ × लॉग(७३/१६) = सुमारे ०.५३ मीटर. हाच तुमचा अर्धा मीटर. पण यात माती कधीच दाबली गेलेली नाही असं गृहीत आहे. आपल्याकडची काळी दर उन्हाळ्यात वाळते, भेगाळते. वाळताना छिद्रांतल्या पाण्यात ताण येऊन कण एकमेकांकडे ओढले जातात, म्हणजे वर भार नसतानाही माती दाबून निघते. प्रीकन्सॉलिडेशन दाब १०० निघाला, तर ७३ पर्यंतचा सगळा प्रवास रीकॉम्प्रेशनचा, म्हणजे आधी दाबलेली माती पुन्हा दबण्याचा. त्याचा इंडेक्स ०.०६ घ्या, सेटलमेंट ८ सेंमी. दाब ५० च निघाला, तर १९ सेंमी. (मध्यावरच्या एकाच बिंदूवर थांबू नका. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे थर पाडले की ८ चे ९ होतात, कारण वरच्या थरात मूळ दाब फार कमी असतो.)

म्हणून नमुना एकाच खोलीचा नको. वाळण्याचा परिणाम वरच्या भागात जास्त, खाली कमी; १.५ आणि ३.५ मीटरवरून पातळ भिंतीच्या नळीनं अनडिस्टर्ब्ड नमुने घ्या, दोन्ही टोकं मेणानं बंद करा. नमुना हलला की चाचणीतल्या दाब-व्हॉइड रेशो वक्राचं वळण बोथट होतं आणि प्रीकन्सॉलिडेशन दाब कमी दिसतो. लॅबला ओडोमीटर चाचणीत (कड्यात बसवलेल्या नमुन्यावर टप्प्याटप्प्यानं दाब वाढवण्याची चाचणी) ८०० किलोपास्कलपर्यंत न्यायला सांगा, आणि मध्ये २०० वरून ५० पर्यंत उतरवून पुन्हा चढवायला. ही परतफेरी नसेल तर रीकॉम्प्रेशन इंडेक्स अंदाजानंच घालावा लागतो. पाणी सोडताच नमुना फुगतो, त्यामुळे आकारमान कायम ठेवून स्वेलिंग प्रेशर (फुगण्याचा दाब) आधी मोजून घ्या. ते ५७ च्या वर निघालं, तर उन्हाळ्यात कोरड्या काळीवर भराव टाकल्यास पहिल्या पावसाळ्यात रस्ता खाली बसण्याऐवजी वर उचलला जाऊ शकतो. तेर्झागीचा कन्सॉलिडेशनचा (दाबाखाली पाणी निघून माती बसण्याचा) सिद्धांत पूर्ण संपृक्त, म्हणजे पोकळ्या पाण्यानं भरलेल्या, मातीसाठी आहे. हे फुगणं त्यात येतच नाही, वेगळं तपासावं लागतं.

प्लॅक्सिस या सॉफ्टवेअरमध्ये ओसीआर (प्रीकन्सॉलिडेशन दाब भागिले आताचा प्रभावी दाब) न भरता सोडला तर तो १ धरला जातो, म्हणजे पुन्हा ५३ सेंमीच्या वाटेवर. सॉफ्ट सॉइल मॉडेल वापरा. वरच्या आकड्यांनुसार त्यातला कॉम्प्रेशनचा आकडा लॅम्डा-स्टार सुमारे ०.०८७, रीकॉम्प्रेशनचा कॅप्पा-स्टार सुमारे ०.०२६. मोहर-कुलम्ब मॉडेल इथे नको, एकाच ई-मूल्यात (मातीच्या ताठरपणाच्या आकड्यात) चढता आणि परतीचा उतार दोन्ही बसत नाहीत.

वेळेचा हिशेब निचऱ्यावर ठरतो. सीव्ही (कन्सॉलिडेशनचा वेग ठरवणारा गुणांक) वर्षाला १ चौ.मी. घेतला, तर ९० टक्के कन्सॉलिडेशनला मुरूम पाणी सोडत असल्यास (निचऱ्याची वाट २ मी.) ०.८४८ × ४ = ३.४ वर्षं, आणि काळीखाली थेट अभेद्य बेसाल्ट असल्यास (वाट ४ मी.) १३.६ वर्षं. बोअर लॉगवर नुसतं ‘मुरूम’ लिहिलेलं पुरत नाही, त्यात चिकणमाती किती भरलीय ते बघा. शिवाय रीकॉम्प्रेशनच्या टप्प्यात सीव्ही बराच जास्त असतो, त्यामुळे ८ सेंमीचं प्रकरण याहून लवकर संपतं. तसं ठरलं तर ड्रेनची गरज मला दिसत नाही.

भरावाखाली सेटलमेंट प्लेट मात्र बसवाच. सारख्या अंतरानं रीडिंग घ्या आणि आधीच्या रीडिंगसमोर नंतरचं मांडा (असाओका पद्धत). ती रेषा ४५ अंशांच्या रेषेला जिथे छेदते, ती अंतिम सेटलमेंट. डांबरीकरण त्या आकड्याच्या जवळ पोचल्यावर करा.

ओडोमीटरचा लॉग-दाब वक्र आणि लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचं पाण्याचं प्रमाण) इथे टाका, ओसीआर मिळून ठरवू.