माझा दहा वर्षांचा मुलगा लपून कागद जाळतो. मारूनही थांबत नाही. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांत तीनदा पलंगाखाली जळके कागद सापडले, आणि गेल्या आठवड्यात गादीचा कोपराच जळाला. मिस्टरांनी पट्ट्याने मारलं, पुन्हा केलंस तर पोलिसात देईन म्हणाले. शेजारच्या काकू सांगतात की हाताला एकदा चटका द्या म्हणजे जन्मभराची अद्दल घडेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'माझं पोरगं विकृत आहे का?'

मी मुंबई अग्निशमन दलात २९ वर्षं होतो, आता निवृत्त आहे. या विषयाशी माझं घरचंही नातं आहे. ते सांगतोच, पण आधी त्या गादीचं बघा. कापसाची गादी वरून विझलेली दिसते आणि आतून तासन्‌तास धुमसत राहते. विझवून पुन्हा पलंगावर टाकलेल्या गादीने मध्यरात्री पेट घेतल्याच्या वर्दीवर मी स्वतः गेलोय. पुढे असं कधी झालं, तर गादी घराबाहेर नेऊन कापूस उसकटून आतपर्यंत भिजवायची. वर बादलीभर पाणी ओतून भागत नाही.

आज रात्रीच घरातल्या काडेपेट्या आणि लायटर मोजा. मुलांना ते कुठून मिळतात हे मी नेहमी विचारायचो आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं: देव्हाऱ्याचा खण. तिथे काडेपेटी, कापूर, तुपाच्या वाती, सगळं एका जागी आणि मुलाच्या हाताच्या उंचीवर असतं. घरात एकच काडेपेटी ठेवा, ती कुलपात, आणि किल्ली तुमच्याकडे. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, डिओचे डबे हेही त्याच कपाटात. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. निदान सहा महिने त्याने एकट्याने निरांजनसुद्धा लावायचं नाही. सणाच्या दिवशी लावायचंच असेल, तर तुमचा हात त्याच्या हातावर असू द्या.

आता त्याच्याशी एक करार करा. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आग लावणारं मूल घाबरून लपतं. पलंगाखाली जातं, कपाटात जातं, मोरीची कडी लावून घेतं. बाहेर आम्ही हाका मारत असतो आणि धुरात ते मूल उत्तर देत नाही. म्हणून त्याला समोर बसवून शांतपणे सांगा, 'कसंही झालं, कोणीही लावलेलं असलं, तरी आधी ओरडायचं आणि घराबाहेर पळायचं. त्यासाठी तुला कोणी मारणार नाही.' हे मिस्टरांनी स्वतःच्या तोंडून सांगायला हवं, कारण पट्टा त्यांनी उचलला होता. धूर वर जातो, म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर यायचं. लिफ्टने जायचं नाही. बाहेर आल्यावर मोठ्या माणसाला सांगून १०१ लावायचा. हे त्याच्याकडून दोनतीनदा करून घ्या, नुसतं तोंडी सांगू नका.

चटका मात्र देऊ नका, ताई. पाया पडून सांगतो. भाजल्यावर काय होतं हे मी पाहिलंय. आणि ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्यांनीच त्याला इजा करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. तेही बाजूला ठेवा. चटक्याने मूल आगीला घाबरत नाही, ते तुम्हाला घाबरायला लागतं आणि पुढच्या वेळी आणखी आतल्या जागी जाऊन काडी ओढतं.

आता घरचं. माझ्या बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा असताना हेच करायचा. लालबागला चाळीत एक खोली, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर रद्दी. मामा आगीचा माणूस म्हणून बहिणीने मला बोलावलं. मी त्याला समोर बसवून जळालेल्या खोल्यांचे आणि भाजलेल्या माणसांचे फोटो दाखवले. पोर पांढरंफटक पडलं, रडलं, देवाची शपथ घेतली. तीन आठवड्यांनी त्याने चाळीच्या सामाईक संडासात वर्तमानपत्र पेटवलं. दरवाजा अर्धा काळा झाला. मी त्याला भीती दिली होती, आणि आगीत किती ताकद असते हेही शिकवून बसलो होतो. त्या वेळी त्याला तीच ताकद हवी होती, हे मला कळलं नाही.

नंतर बहीण त्याला केईएमच्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आगीबद्दल फार विचारलंच नाही. त्यांनी तारखा मागितल्या. त्या त्या संध्याकाळी घरात काय चाललं होतं ते आठवून लिहा म्हणाल्या. बहिणीने कॅलेंडर पुढ्यात घेऊन लिहायला सुरुवात केली आणि तिसऱ्या तारखेलाच तिचा हात थांबला. दाजींची नोकरी गेली होती, पैशांवरून रोज वाद व्हायचे, आणि प्रत्येक आग मोठ्या भांडणाच्या रात्रीची होती. जळका वास आला की भांडण थांबायचं. आईबाबा दोघं एकाच दिशेने धावायचे, शेजारी जमायचे, आणि त्या रात्री मग घर शांत असायचं. अकरा वर्षांच्या पोराला भांडण थांबवायचा तेवढा एकच उपाय सापडला होता.

सात-आठ महिने लागले. पैशांचं बोलणं दोघांनी गच्चीवर जाऊन करायचं ठरवलं. पोराला एक वाक्य दिलं होतं: 'मला खाली जायचंय.' तो एवढं म्हणाला की आईने कुठलाही प्रश्न न विचारता त्याच्याबरोबर खाली अंगणात जायचं. चौथ्या महिन्यात एकदा पुन्हा वही जाळली. तेव्हा आम्ही सगळे खचलो, पण उपचार सोडले नाहीत. आता तो सव्वीस वर्षांचा आहे.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. लहान पोरांमध्ये बऱ्याचदा नुसतं कुतूहल असतं, ज्योत कशी नाचते ते बघायचं असतं. अशी मुलं नीट समजावल्यावर आणि काडेपेटी दूर गेल्यावर बहुतेक थांबतात. पण तुमच्याकडे तीनदा झालंय, लपून झालंय आणि मार खाऊनही झालंय, म्हणून मी हे कुतूहलावर सोडणार नाही. त्याला रागात न येता विचारा: काय जाळलंस? कोणाचा कागद होता? कुठे बसला होतास, बरोबर कोणी होतं का? त्याआधी काय झालं होतं? पेटल्यावर कसं वाटलं, विझवायला गेलास का? काय जाळलं यावरून खूप कळतं. गणिताची वही वेगळं सांगते, बहिणीचा फ्रॉक वेगळं सांगतो. शाळेत किंवा क्लासला कोणी छळतंय का, कोणी नको तसा हात लावतंय का, हेही हळूच विचारा. 'का केलंस?' मात्र विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं.

आणि विकृत? आग लावल्यावाचून राहवत नाही असा जो पायरोमेनिया म्हणतात, तो मुलांमध्ये फार क्वचित आढळतो. चंचलपणा, एका जागी न बसणं, विचार न करता हात चालवणं हे जास्त वेळा सोबत दिसतं, आणि त्यावर उपचार आहेत. तुम्ही भांडुपच्या, म्हणजे सायन हॉस्पिटल तुम्हाला लोकलने सरळ पडेल. केईएम, नायरलाही मानसोपचाराची ओपीडी आहे. जायला जमेपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. घरात किंवा बाहेर कोणी त्याला त्रास देतंय असं कळलं तर मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८.

पोलिसांची धमकीही बंद करा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच धरलं जात नाही. सात ते बारामध्ये त्याला परिणामांची समज होती का ते आधी बघतात. अठरापर्यंत प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, कोठडीत टाकत नाहीत. खोटी धमकी मुलं लवकर ओळखतात, मग तुमचं खरं बोलणंही ऐकत नाहीत.

त्यापेक्षा त्याला जवळच्या अग्निशमन केंद्रावर न्या. केंद्र अधिकाऱ्यांना आधी फोन करून मोकळी वेळ विचारा. १४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सेवा सप्ताहात तर आमचे लोक शाळांत जाऊन प्रात्यक्षिकं करतात. १९४४ साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना दलाचे ६६ जण गेले. ही गोष्ट मी मुलांना सांगायचो तेव्हा वर्ग शांत व्हायचा, कुणी घाबरून रडायचं नाही. बंबाला हात लावू द्या, होजचं वजन उचलू द्या. दोषी म्हणून उभं करायला मात्र नेऊ नका. आणि केंद्रावर नेलं म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका, दोन्ही लागतं.

प्रश्नाखाली एकीने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाचं लिहिलंय, मित्रांबरोबर डिओचा फवारा पेटवून रील बनवतो म्हणून. तिथे मोबाइल काढून घेऊन भागणार नाही. त्या चारपाच मुलांचे आईबाप एकत्र बसा, आणि जे जळालं ते मुलांनी स्वतः साफ करायचं, भरून द्यायचं. तो डबा हातात फुटू शकतो हे त्यांना माहीतच नसतं. कोणी भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावायचं नाही. मग थेट हॉस्पिटल.

ताई, एक वही घ्या. तीन आगींच्या तारखा, वार, वेळ, आणि त्या दिवशी घरात, शाळेत काय झालं ते लिहा. लिहायला मिस्टरांना शेजारी बसवा. ओपीडीत जाताना ती वही बरोबर न्या.