पिस्टन पेनच्या रबराला काय लावायचं?

पिस्टन (फाउंटन पेनमध्ये शाई ओढून घेणारा दट्ट्या) जड चालतोय म्हणजे पेन बिघडलं असं नाही, बहुतेक सील, म्हणजे दट्ट्यावरचं रबर, कोरडं पडलंय. पुण्याच्या बोहरी आळीत शिलाई मशीनचं तेल स्वस्तात मिळेल, पण आणू नकोस, ते खनिज तेल असतं. खनिज तेल काय, व्हॅसलीन काय, दोन्हींनी नैसर्गिक रबर फुगतं. नायट्राइल हे कृत्रिम रबर टिकतं, पण आतलं रबर कुठलं हे नवख्याला नुसतं बघून कळत नाही. म्हणून शुद्ध सिलिकॉन ग्रीस घे. सीलच सिलिकॉनचं असेल तर मात्र तेही नको.

- आधी जुनी शाई साध्या पाण्याने धू, नीट वाळव.
- ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढंच. सगळे इथेच चुकतात (मीही चांगलं चोपडलं होतं): जास्तीचं फीडमध्ये (निबला शाई पोचवणाऱ्या भागात) जातं आणि शाई उतरेनाशी होते.
- वंगणाचा स्प्रे नको.

ग्रीसच्या घट्टपणाचं नंतर बघू.