धोरणाची प्रत मागितली, यात उद्धटपणा कुठला?

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. परिवहन महामंडळाच्या बसवर चालक होते, आता निवृत्त. मुलगा बी.कॉम., 58 टक्के. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात एचआर एक्झिक्युटिव्ह म्हणून त्याची निवड झाली. पगार 17 हजार. दोन वर्षांचा बॉण्ड, मधेच सोडलं तर 1 लाख भरायचे, मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायच्या. करारात एक ओळ होती: 'कंपनीची व संबंधित विभागाची धोरणे, वेळोवेळी होणाऱ्या बदलांसह, कर्मचाऱ्यास बंधनकारक राहतील.' मुलाने ती धोरणं बघायला मागितली. उत्तर मिळालं, रुजू झाल्यावर देऊ. पोरगा सही न करता घरी आला. चार दिवस अबोला आहे. वडील लिहितात, 'इतकी अक्कल पाजळायची तर वकील व्हायचं होतं. त्याला समजवा, नाहीतर केएएसचा (कर्नाटक प्रशासकीय सेवेचा) क्लास लावू का ते तरी सांगा.'

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा मला काळजी तुमचीच वाटली, मुलाची नाही. 58 टक्क्यांबद्दल तुम्ही पाच ओळी लिहिल्या आहेत आणि 'लोक काय म्हणतील' याबद्दल पंधरा. भावकीत पेढे वाटून झालेत, आता तोंड कसं दाखवू, हे तुमचं खरं दुखणं आहे. ते मी समजू शकतो. पण त्या पेढ्यांची किंमत पोराने दोन वर्षं का फेडायची?

तुम्ही लिहिता, 'आम्ही तीस वर्षं नोकरी केली, कधी कागद वाचला नाही.' बरोबर आहे. तुम्ही वाचला नाही, कारण तुमच्या वतीने दुसरं कुणीतरी वाचत होतं. ड्युटी किती तासांची, ओव्हरटाइम कसा धरायचा, बदलीचा नियम काय, हे सगळं महामंडळाच्या सेवा नियमांत आणि संघटनेबरोबर झालेल्या करारांत लिहिलेलं होतं. एखाद्या शब्दावर भांडण झालं तर डेपोतले पुढारी आधी कागद काढायचे. तुमच्या पोराच्या मागे कुणी पुढारी नाही. म्हणून तो स्वतः वाचतोय. तुम्हाला ती अक्कल पाजळणं वाटतं. मला वाटतं, एचआरच्या जागेसाठी त्याने याहून चांगली मुलाखत दिलीच नसती!

आता गैरसमजाकडे येतो, कारण तो घरोघरी आहे. 'धोरण ही कंपनीची घरची गोष्ट, करार वेगळा,' असं तुम्ही लिहिलंय. तसं नसतं. करारात ती एक ओळ आली की धोरणाची अख्खी पुस्तिका कराराच्या पोटात शिरते. म्हणून नीट केलेल्या करारात सुरुवातीलाच व्याख्या असते: 'धोरण' म्हणजे कुठली पुस्तिका, कुठल्या तारखेची, सोबत जोडलेली आहे की नाही, आणि ती बदलण्याचा अधिकार कुणाचा. 'विभाग' म्हणजे कुठला, हेही लिहावं लागतं. तुमच्या मुलाला उद्या स्टोअरला बसवलं आणि तिथल्या धोरणात 'माल कमी भरला तर वसुली पगारातून' असं असेल, तर ते त्याला लागू आहे का? याच मालकाचा दुसरा कारखाना शिनोळीला असला आणि तिकडे पाठवलं, तर तिथलं धोरण कुठलं? शिनोळी गाडीने अर्ध्या तासावर असेल, पण ती महाराष्ट्रात आहे, तिथलं किमान वेतनही वेगळं. आणि नियुक्तीपत्रात एक महिन्याची नोटीस, पुस्तिकेत तीन महिन्यांची, असं निघालं तर कुठलं धरायचं? 'विसंगती आढळल्यास नियुक्तीपत्र ग्राह्य धरावे' एवढं एक वाक्य करारात असलं की हा वाद मिटतो. ते नसतं तेव्हा ज्याच्या हातात पगार, त्याचा अर्थ खरा ठरतो.

धोरण कायद्याच्या वर जात नाही, हेही ध्यानात ठेवा. स्टोअरमधली घट पगारातून कापायची तर ती त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाली हे दिसावं लागतं, त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. पुस्तिकेत काहीही छापलेलं असो.

आपल्या भागात हे जास्त जपायला हवं, त्याचं कारण आहे. पूर्वी केंद्राच्या कायद्याप्रमाणे 100 कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, सरकारकडून प्रमाणित करून घ्यावे लागत आणि ते गेटपाशी फलकावर लावावे लागत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ही मर्यादा 300 वर गेली. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या किती फाउंड्री आणि मशीन शॉप 300 च्या आत बसतात, ते तुम्हीच मोजा. अशा ठिकाणी धोरणाची पुस्तिका हाच घरचा कायदा. तीच बघायला मिळत नसेल तर सही कशावर करायची? त्याच संहितांनी नियुक्तीपत्र देणं सक्तीचं केलंय, ही त्यातली बरी बाजू.

'एक्झिक्युटिव्ह' या शब्दाने हुरळून जाऊ नका. नुसतं नाव मोठं दिल्याने माणूस कामगाराच्या व्याख्येबाहेर जात नाही. कारकुनी काम करणारा त्या व्याख्येत येतो. देखरेखीचं काम आणि पगार 18 हजारांच्या वर, तर येत नाही. याला 17 हजार आहेत. पुढच्या वर्षी दीड हजाराची वाढ आणि हाताखाली दोन माणसं मिळाली, तर पेढे वाटण्याआधी हे आठवा.

बॉण्डबद्दल मात्र मुलाचे कान धरतो. 'बॉण्ड कोर्टात टिकत नाही' असं तो मोबाइलवर बघून म्हणतोय. चूक. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी नाहीतर 2 लाख, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली. मात्र ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, आणि पदही वरचं होतं. शिवाय 1872 च्या करार कायद्यात कलम 74 आहे: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई. 17 हजारांच्या नोकरीला 1 लाख का, प्रशिक्षण काय देणार, हे त्याने विचारावं. त्यांनी सांगितलेलं पटलं तर बॉण्ड करायला माझी ना नाही. मूळ गुणपत्रिका मात्र देऊ नयेत. साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या. सावकाराकडे डाग ठेवल्यासारखी पदवी ठेवायची नसते.

केएएसचं एका ओळीत सांगतो: कन्नडचा सक्तीचा पेपर आहे, आणि तुम्हीच लिहिता की त्याला कन्नड 'बोलता येतं, वाचायला अडखळतो', म्हणजे आज क्लास लावणं हे पैसे पाण्यात. बँकेच्या क्लार्कलाही हीच अडचण.

आणि इथे थोडं कडू बोलतो. सीमाप्रश्नावर तुमचं जे मत आहे, बहुधा तेच माझं आहे. पण कामगार खात्याची नोटीस कन्नडमध्ये, आणि आपण ती शेजाऱ्याकडून वाचून घेणार, याला मी अस्मिता म्हणणार नाही. सहा महिने लावून त्याने कन्नड वाचायला-लिहायला शिकावं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींतून करार वाचून कामगारांना समजावणारा माणूस कारखान्याला हवा असतो, संघटनेलाही हवा असतो.

आता तुम्ही टोमणा म्हणून लिहिलेलं ते वाक्य. वकील व्हायचं होतं ना? होऊ दे की! पदवीनंतरची तीन वर्षांची एलएल.बी. आहे, पदवीला 45 टक्के लागतात, याला 58 आहेत. टिळकवाडीत राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. वर्गात बसावं लागतं, घरबसल्या होणारा अभ्यास नाही, त्यामुळे तीन वर्षं घरात पगार येणार नाही हे आधीच धरून चाला. ते झेपत नसेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, औद्योगिक संबंध विषय घेऊन. मोठ्या कारखान्याला कामगार कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. पूर्वी 500 कामगारांना होता, नव्या संहितेत 250 ला आहे. पोराचा कल मला या बाजूचा दिसतो. क्लासची फी इकडे वळवा.

या नोकरीचं म्हणाल, तर मोडीत काढू नका. मुलाला आजच कंपनीला चार ओळींचा मेल पाठवायला सांगा: रुजू व्हायची इच्छा आहे, धोरणांची आजच्या तारखेची प्रत मिळावी, धोरण बदलल्यास लेखी कळवावे, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती स्वीकाराव्यात. त्यात चढा सूर नको, कलमांची नावंही नकोत. आठ दिवसांत प्रत आली तर दोघे मिळून वाचा आणि मग सही. नाही आली तर ती नोकरी गेली असं समजा, आणि अबोला सोडा.

शनिवारी दुपारी मी कार्यालयात असतो. दोघेही या. येताना पेटीत तुमचं जुनं नियुक्तीपत्र सापडलं तर घेऊन या. त्यात 'महामंडळाचे नियम' कसे लिहिलेत ते पोराला तुम्हीच वाचून दाखवा.