जुने क्लासिक चित्रपट थिएटरला लावताना प्रसिद्धीचे स्टंट करावेत का?

तुम्ही दर महिन्याला एकपडदा थिएटरात एक जुना चित्रपट लावणार आहात, त्यासाठी भन्नाट कल्पना हव्या आहेत, आणि शेवटी विचारलंय, "पण असले प्रकार क्लासिक चित्रपटांना शोभतात का?" या शेवटच्या शंकेवरून आमच्या फिल्म सोसायटीत चिटणीसांचं आणि माझं चांगलंच वाजलं होतं. म्हणून आधी तिचंच उत्तर देतो. शोभतात. न शोभणारी गोष्ट एकच, रिकामं थिएटर.

आम्ही सिडनी ल्युमेटचा १९५७ चा '१२ अँग्री मेन' लावणार होतो. बासू चटर्जींनी पुढे 'एक रुका हुआ फैसला' केला तो यावरूनच. कृष्णधवल, जवळजवळ सगळा एका खोलीत, बारा ज्युरर, म्हणजे खटल्याचा कौल द्यायला बसवलेले साधे नागरिक, बसून वाद घालताहेत. पहिल्यांदा लागला तेव्हाही तिकीटबारीवर तो चालला नव्हता. चिटणीसांचं म्हणणं, "दर्दी माणूस शोधत येतो. सूचनाफलकावर कागद लावा, पुरे." तसे कागद आम्ही लावत आलो होतो आणि दर खेळाला तेच ओळखीचे चेहरे येत होते.

मी थिएटरच्या मॅनेजरला गाठलं आणि पोर्चमध्ये एक लांब टेबल, बारा खुर्च्या मांडायची परवानगी मिळवली. टेबलावर खटल्याचं एक पान ठेवलं: बापाच्या खुनाचा आरोप असलेला मुलगा, खालच्या मजल्यावरचा म्हातारा साक्षीदार, रेल्वेच्या पलीकडून पाहिल्याचं सांगणारी बाई, आणि चाकू. शेवट अर्थातच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलवायचं, बारा जण जमले की वाचायला द्यायचं, बोलू द्यायचं आणि मग मत घ्यायचं, दोषी की निर्दोष. कौल बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा आणि त्याखाली चित्रपटातला पहिला कौल: ११ विरुद्ध १.

दुसरी गोष्ट मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. ल्युमेटने चित्रपट जसा पुढे जातो तशा अधिकाधिक फोकल लेंथच्या लेन्स (मागची भिंत माणसांच्या जवळ आल्यासारखी दाखवणाऱ्या) वापरल्या आणि कॅमेरा डोळ्यांच्या वरून हळूहळू डोळ्यांच्या खाली आणला. त्यामुळे ती खोली आवळत गेल्यासारखी वाटते. म्हणून मी रोज संध्याकाळी टेबल भिंतीकडे थोडं सरकवायचो, खुर्च्या आणखी जवळ आणायचो. सुरुवातीला लोक ऐसपैस बसून सभ्यपणे मत देत होते. शेवटी शेवटी खांद्याला खांदा लागायला लागला आणि आवाज आपोआप चढले. हातात हेल्मेट घेतलेले एक गृहस्थ आणि एक कॉलेजची मुलगी चाकूवरून असे भिडले की मागे गर्दी जमली. दोघंही खेळाला आले, शिवाय घरच्यांना घेऊन आले. हॉल भरला. चिटणीस म्हणाले, "तमाशा मांडलात. हे लोक टेबलामुळे आले, चित्रपटामुळे नाही." मग खेळ संपल्यावर तेच लोक पायऱ्यांवर उभे राहून त्या म्हाताऱ्याच्या साक्षीबद्दल का बोलत होते?

आमच्या कार्यालयात फाळक्यांचा फोटो आहे. 'राजा हरिश्चंद्र'ला सुरतेत प्रेक्षक मिळेनात तेव्हा याच फाळक्यांनी जाहिरात केली की ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे. पडद्यावरच्या नवलाचाच आकडा करून त्यांनी लोकांपुढे ठेवला. हे त्यांना शोभलं, तर आम्हाला का शोभू नये?

मात्र स्टंट चित्रपटाच्या पोटातून आला पाहिजे. १९६० साली 'सायको'च्या वेळी हिचकॉकने अट घातली की खेळ सुरू झाला की कुणालाही आत सोडायचं नाही. लॉबीत घड्याळाकडे बोट दाखवणारे त्याचे कटआउट उभे असत. त्यामागे कारण होतं. नायिका अर्ध्याआधीच मारली जाते, त्यामुळे उशिरा येणारा माणूस तिलाच शोधत बसला असता. याउलट १९५८ साली विल्यम कॅसलने 'मकॅब्र'च्या प्रेक्षकांना भीतीने मेलात तर हजार डॉलर असा विमा दिला. गर्दी झाली असेल, पण ते लेबल कुठल्याही भुताच्या चित्रपटावर चिकटतं. मला ते पटत नाही. सेल्फी पॉइंट आणि लकी ड्रॉ तर अजिबात नाही.

तुमच्यासाठी दोन कल्पना. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'त घरात अडकलेला नायक खिडकीतून समोरची घरं न्याहाळत बसतो. तो लावलात तर समोरच्या इमारतीतल्या चार खिडक्यांत संध्याकाळी स्वयंसेवक बसवा, छोटे मूक प्रसंग करू द्या, आणि थिएटरच्या गॅलरीत दुर्बिणी ठेवा. 'बायसिकल थीव्ज'मध्ये नायक भिंतीवर सिनेमाचं पोस्टर चिकटवत असतानाच त्याची सायकल जाते. तेव्हा गावभर "सायकल हरवली आहे" अशी पत्रकं लावा, वर्णन चित्रपटातल्या 'फिडेस' बनावटीच्या सायकलचं, खाली खेळाची वेळ.

पत्रकावर हा चित्रपट आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी खरंच शोधायला निघेल. भिंती आणि खिडक्या ज्यांच्या असतील त्यांना आधी विचारा, रस्त्यावर काही मांडणार असाल तर पोलिसांनाही. प्रदर्शनाचे हक्क हातात आल्याशिवाय एकही कागद छापू नका. आणि उंचीवरचं काहीही नको: १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड लॉइडच्या 'सेफ्टी लास्ट'च्या प्रसिद्धीसाठी हॉटेलच्या भिंतीवर चढणारा माणूस पडून मेला.

पहिला चित्रपट कोणता लावताय ते लिहा. मी तो पुन्हा एकदा पाहीन आणि मग पोर्चमध्ये काय मांडायचं ते सांगेन. न पाहता सांगणार नाही.